माझ्याकडं लागलं

माझ्या सासऱ्यांना जबाबदारी दुसऱ्यावर ढकलता येत नसे. हा गुण म्हणून सांगत नाही. एखाद्याला पोहता येत नाही, तसं त्यांना ते येत नसे. आमच्या लग्नात मांडवाचा एक बांबू निसटून माझ्या आत्याच्या खांद्यावर पडला. गाठ सैल बांधणारा मांडववाला तिथेच उभा होता. सासरे, ज्यांना मी मामा म्हणतो, पुढे झाले, आत्यासमोर हात जोडले आणि म्हणाले, "माझ्याकडं लागलं." मांडववाला हळूच मागच्या मागे सटकला. मी अलिबागला एका पतसंस्थेत हिशेब तपासतो. कोणाकडे काय लागतं हे कागद पाहून ठरवायचं असतं, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. त्यामुळे पहिल्याच दिवशी मला हा माणूस थोडा धोक्याचा वाटला.

त्यांचं गाव रेवसच्या रस्त्यावर, खारेपाटात. अडीच एकर भातशेती आणि तिच्या एका कोपऱ्यात तळं. सासूबाई लवकर गेल्या आणि माझी बायको सुनंदा ही एकुलती एक. मामांनी तिला वाढवलं, शिकवलं आणि अलिबागला दिलं. त्यानंतर ते आणि शेत असे दोघेच राहिले.

खारेपाटातली शेतं म्हणजे खाडीकडून मागून घेतलेली जमीन. भरतीचं पाणी बाहेर ठेवायला मातीचा बांध घातलेला असतो आणि बांधाला पडलेल्या भगदाडाला खांड म्हणतात. गावाचा जुना रिवाज असा की, ज्याच्या शेतासमोर खांड पडली त्याने चिखलाची पहिली पाटी टाकायची, मग बाकीचे येतात. बांध खेकड्यांनी पोखरला की शेजाऱ्याच्या म्हशीने तुडवला, हे नंतर बघायचं. मामा हा रिवाज अंगात मुरल्यासारखा पाळत. मी एकदा विचारलं, "पण चूक कोणाची ते आधी ठरवायला नको?" ते म्हणाले, "पानी आत येताना चौकशी करीत बसलो, तर चौकशीच पिकंल, जावयबापू. भात न्हाय पिकायचा."

तळ्यात ते जिताडे वाढवत. आमच्याकडे जिताडा हा मानाचा मासा, जावई आला की काढायचा. आम्ही गेलो की मामा स्वतः जाळं घेऊन उतरत, निवडून एक काढत आणि बाकीचे परत सोडत. जेवताना माझं लक्ष कुठे असतं हे त्यांना ठाऊक होतं. "हिशेब नंतर करा," ते म्हणत, "आधी काटं बघा." एवढं बोलून स्वतःच हसत.

एका वर्षी पावसाळा सरल्यावर आम्ही गेलो तर त्यांनी जाळं काढलं नाही. सुकट आणि पांढऱ्या कांद्याचं जेवण केलं होतं. सुनंदाने विचारलं, तेव्हा म्हणाले, "तलं बंद हाय." मी तळ्यावर जाऊन पाहिलं. पाण्यावर तपकिरी साय धरली होती आणि कडेला फुगलेले मासे पडले होते. वास घशात उतरत होता. कारखान्यांच्या वसाहतीकडून येणारे टँकर रस्त्याच्या मोरीत पाइप सोडून रिकामे होत होते. त्या मोरीचा ओहोळ मामांच्या शेतातून खाली जातो, तिथून हसुरामच्या शेतात, पुढे आणखी सात-आठ जणांच्या शेतातून आणि तळ्यांतून खाडीला मिळतो. टँकरवर कोणाचं नाव नव्हतं, नंबराच्या पाटीवर चिखल फासलेला होता.

मामांनी मात्र पहिला टँकर पाहिला त्याच दिवशी आपल्या शेताच्या खालच्या बांधातली झडप पाडली होती. शेतातलं पाणी पुढे सोडायच्या या झडपेला गावात उघाडी म्हणतात. नुसती पाडली नाही, तर गुडघाभर त्या पाण्यात उभं राहून तिच्या फटी चिकणमातीने लिंपल्या होत्या. म्हणजे पुढे जाणारं सगळं विष आपल्याच अडीच एकरांत कोंडलं होतं. सुनंदा त्यांच्या पायांकडे पाहत होती. पोटऱ्यांवरची कातडी सोलवटून लाल झाली होती.

"बाबा, उघडायची होती ना. खाडीत गेलं असतं."

"मधे हसुरामचं शेत हाय."

"हसुरामकाका तुमच्यासाठी हे करणार होते का?"

"खांड माझ्या शेतात पडली, त्याच्या न्हाय," मामा म्हणाले आणि पायांना खोबरेल तेल लावत बसले.

त्यांनी सरपंचांना सांगितलं होतं, पण तोंडी. मी म्हटलं, लेखी अर्ज द्या. ते म्हणाले, सरपंच घरचाच आहे, त्याला काय लिहून द्यायचं. सरपंचांनी पुढे काहीच केलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात कोणीतरी निनावी तक्रार केली आणि प्रदूषण खात्याचा एक अधिकारी आला. मी त्या दिवशी हजर होतो, म्हणून जे ऐकलं तेच लिहितो.

अधिकारी वाईट माणूस नव्हता. आंब्याच्या सावलीत बसून त्याने पंचनामा सुरू केला. विचारलं, "हे पाणी इथं साठलं कसं?"

"मी अडवलं."

"झडप कोणी बंद केली?"

"मीच."

"घाण आहे हे माहीत असून?"

"म्हाईत हाय म्हनून तर बंद केली."

अधिकाऱ्याने पेन थांबवलं. "आजोबा, नीट विचार करून सांगा. हे साठवण्याची जबाबदारी कोणाची म्हणून लिहू?"

मी मामांच्या हाताला हात लावला. त्यांनी तो बाजूला केला नाही, पण थांबलेही नाहीत. "जमीन माझी. माझ्याकडं लागलं," ते म्हणाले. अधिकाऱ्याने ते सरकारी मराठीत लिहिलं, वाचून दाखवलं आणि मामांनी सही केली. अंगठा नव्हे, सही. ती ते सावकाश आणि वळणदार करत.

मी मामांना ज्या वकिलांकडे नेलं, त्यांनी पंचनाम्याची नक्कल वाचून चष्मा काढला. त्यांनी मला समजावलं ते असं. दुसऱ्याने येऊन घाण टाकली तर जमीनमालकाला संरक्षण मिळू शकतं, पण त्याने ती टाकलेली नसावी, त्याच्या माहितीने किंवा संमतीने ती तिथे ठेवलेली नसावी आणि कळताच त्याने लेखी कळवलेलं असावं. "यांनी तर स्वतः कोंडून ठेवली," वकील म्हणाले. "झडप उघडी ठेवली असती, तर हे निव्वळ पीडित होते. बंद केली, म्हणून साठवणूक करणारे झाले." मग मामांकडे वळून म्हणाले, "आपण असं म्हणू की वयामुळे गोंधळ झाला. पाण्यात काय आहे ते तुम्हाला माहीत नव्हतं."

"मना म्हाईत व्हतं," मामा म्हणाले.

"ते मला कळलं हो. पण म्हणायचं नाही."

"मंग झडप कशाला लावली, असं इचारतील. त्याला काय सांगू? वारा येत व्हता?"

वकील हसले, पण पर्याय एकच उरला होता. खालच्या शेतवाल्यांनी लिहून द्यायचं की, झडप आमची शेतं वाचवण्यासाठी, आमच्या गावाच्या रिवाजाप्रमाणे बंद केली. तसं झालं तर साठवणूक हा शब्द निघू शकत होता. न निघाला तर वरची माती खणून, उचलून, दूर नेऊन टाकण्याचा सगळा खर्च मामांवर. मी तो मांडून पाहिला. आकडा सांगत नाही. जमीन विकून तो निघत नव्हता आणि ती जमीन आता कोणी विकतही घेणार नव्हतं.

मी घरोघर गेलो. चहा सगळ्यांनी दिला. एकाचा भाऊ पनवेलला होता, त्याला विचारल्याशिवाय सही करता येत नव्हती. दुसऱ्याला सातबाऱ्यावर नाव नीट करून घ्यायचं होतं, नंतर बघू म्हणाला. हसुराम तेवढा स्पष्ट बोलला. "घान आमच्या शेताच्या तोंडाशी आल्ती, असं लिवून दिलं की आमची माती तपासायला नेतील. मुंबईची पार्टी बंगल्यासाठी जागा बघून गेली हाय. तपासनीचं नाव काढलं तर ती थांबंल का?" कायद्याने त्याचं नुकसान होणारच होतं. ज्याला माहीत आहे तो अडकतो आणि ज्याला माहीत नाही तो सुटतो, हे त्यांना वकिलाशिवाय कळलं होतं.

मामांना मी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं ते चिडतील. ते म्हणाले, "हसुरामच्या दोन पोरी लग्नाच्या हायत. त्याला नका तरास देऊ."

आदेश आला त्यात त्यांच्या नावापुढे प्रदूषण करणारा असा शब्द होता. मामांनी तो मला दोनदा वाचायला लावला. दंडाबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. "टँकरवाल्याचं नाव कुठं हाय?" असं विचारलं. ते कुठेच नव्हतं. त्यानंतर ते रस्त्याने जाईनासे झाले, बांधावरून फिरून जात. आम्ही अलिबागला चला म्हटलं तर, झडप गळते, तिला रोज माती लावावी लागते, म्हणाले.

अपील दाखल केलं, पण सुनावणीच्या आधीच ते गेले. दाखल्यावर कारण हृदयविकार असं आहे. मी त्यात स्वतःचं काही जोडत नाही. वकिलांनी त्याच संध्याकाळी फोनवर दुखवटा सांगितला आणि सांगितलं की, प्रकरण आता वारसाच्या नावे चालेल. वारस म्हणजे सुनंदा. तेव्हाही सगळं खालच्या शेतवाल्यांच्या लेखी जबाबांवरच अडलेलं होतं.

अंत्यविधीला अख्खा गाव आला. ज्यांनी चहा दिला होता ते सगळे होते. तिरडीला खांदा द्यायला त्यांच्यात चढाओढ लागली. लाकडं हसुरामने स्वतःच्या आवारातली आणली होती, पैसे घेतले नाहीत. खाडीकाठी चिता पेटल्यावर तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याचे डोळे खरोखरच भरले होते.

"जावयबापू," तो म्हणाला, "मामा व्हते म्हनून आमची शेतं वाचली. सगल्या गावाला ठावं हाय."

मी म्हटलं, "एवढंच सुनावणीला येऊन सांगा. सुनंदा सुटेल."

त्याने मागे वळून पाहिलं, कोण कोण ऐकतंय ते. मग माझा दंड धरला आणि मला दोन पावलं बाजूला घेतलं.

"हलू बोला," तो म्हणाला. "ती मुंबईची पार्टी बी आलीय मातीला."