गोटी सोड्याचा आवाज

जुन्या पेयांच्या जत्रेत आम्ही आल्याचा गोटी सोडा चाखत होतो. गोटी आत ढकलली की फट्ट आवाज येई आणि लोक टाळ्या पिटत. सोडा भरणारे हसनचाचा मात्र बाटली भरताना दर वेळी मान वळवत.

“चाचा, स्वतःच्याच सोड्याला घाबरता?” कुणीतरी हसलं.

“भरताना बाटली फुटते, बेटा. एकदा मान वळवायला उशीर झाला, एक डोळा गेला.”

आपण जुनी चव जपतो म्हणे! मग ती भरणाऱ्याचा उरलेला डोळा कुणी जपायचा? मी हातातलं माझं स्कूटरचं हेल्मेट त्यांच्या डोक्यावर चढवलं आणि त्याची काच डोळ्यांवर ओढली.

आयोजक धावत आले. “अहो, काढा ते! फोटोत जुनं वाटत नाही.”

चाचांनी ते काढलं आणि परत देताना त्याची काच पुसून दिली.