बोरिवलीचा तो वाचक

प्रमिलाच्या पुस्तकाला नावं ठेवणारा बोरिवलीचा तो वाचक कधी नव्हताच.

तो मी होतो. आणि मी मुलुंडला राहतो.

प्रमिला काल सकाळी गेली. वॉर्ड ऑफिसात जन्म-मृत्यूच्या दाखल्यांच्या खिडकीवर तिने सगळी नोकरी काढली. घरी येऊन, स्वयंपाक आवरून लिहायची. माझी कॉलेजपासूनची मैत्रीण.

नऊ वर्षांपूर्वी तिच्या पहिल्या कादंबरीला अद्भुतसाहित्याचा पुरस्कार मिळाला.

तिचं बालपण माहुलचं, खाडीकाठचं. कादंबरीतलं गावही तसलंच. फक्त तिथे भरतीला घरं तरंगायला लागतात, आणि माणसं ती संध्याकाळी होड्यांसारखी दोराने बांधून ठेवतात. एक म्हातारी एके दिवशी मुद्दाम आपला दोर सोडते.

मी कादंबरी एका बैठकीत वाचली होती. तिला फोन करून म्हटलं होतं, "बाई, तू काय लिहून बसलीस माहितीये का?"

"काय?" ती घाबरून म्हणाली. "काही चुकलं का रे?"

पुरस्कार जाहीर झाला आणि वाचकांचे ग्रुप पेटले.

"ड्रॅगन नाही, जादूगार नाही, पुरस्कार मात्र आहे."

"परीक्षकांत कोण ओळखीचं आहे ते बघा."

"वाचलं नाही, वाचणारही नाही, पण आजकाल कशालाही फँटसी म्हणतात."

त्या दिवशी पेपरात डेस्कवर मी होतो. 'वाचक काय म्हणतात' अशी चौकट करायची होती. आमच्याकडे पद्धत ठरलेली. दोन प्रतिक्रिया बाजूने, दोन विरुद्ध. म्हणजे पेपर निःपक्षपाती.

बाजूच्या दोन लगेच मिळाल्या. विरुद्धची एक मिळाली. बाकीच्या शिव्या होत्या, छापण्यासारखं एकही वाक्य नव्हतं.

सात वाजता पान छपाईला सोडायचं होतं. पावणेसात झाले होते.

"चौथी कुठेय?" चीफ सब-एडिटर ओरडले. "चौकट लंगडी दिसतेय यार!"

मी चौथी लिहिली.

'पावसाळ्यात आमच्याही तळमजल्यात पाणी शिरतं. कल्पनारम्य साहित्याने वाचकाला दुसऱ्या जगात न्यायला हवं. ही लेखिका आपल्याला खाडीवरच सोडून जाते. – एक वाचक, बोरिवली.'

पाच मिनिटं लागली. खोटं कशाला बोलू, वाक्य जमलं म्हणून बरंही वाटलं.

मैत्रिणीच्या पुस्तकाबद्दल मी छापलेलं एकमेव मत ते. जे आवडलं होतं ते छापलं नाही. मैत्रीण आहे ना, पक्षपात दिसला असता.

दुसऱ्या दिवशी चौकटीतल्या तीन प्रतिक्रिया लोक विसरले. चौथी फिरत राहिली. "बोरिवलीवाल्याने बरोबर पकडलंय." ज्यांनी पुस्तक हातात धरलं नव्हतं, त्यांना हातात धरायला माझं वाक्य मिळालं. पुढे एका परिसंवादात एका विद्वानांनी ते 'सामान्य वाचकाची प्रतिक्रिया' म्हणून वाचून दाखवलं. मी बातमी करायला समोरच बसलो होतो.

महिन्याभराने प्रमिला घाटकोपरला स्टेशनबाहेरच्या हॉटेलात भेटली. पर्समधून कात्रण काढलं. घडीवर फाटायला आलं होतं.

"सोड ना गं," मी म्हटलं. "लोक बोलतात."

"बाकीचे सोडलेच रे. त्यांनी वाचलेलंच नाही, कळतं ना. पण हा माणूस बघ. एवढ्या सगळ्यांत पुस्तक वाचून बोललेला हा एकटाच आहे."

मी इडली संपवली.

तेव्हाच सांगायला हवं होतं. तिने मला चार शिव्या दिल्या असत्या, इडलीचं बिल माझ्याकडून घेतलं असतं, आणि घरी जाऊन हवं ते लिहिलं असतं.

नाही सांगितलं. पुढची नऊ वर्षं ती त्या माणसासाठी लिहीत राहिली.

दुसऱ्या कादंबरीत खाडी नव्हती. बर्फाचे डोंगर होते, सात राजे होते. फ्रीजरपलीकडे जिने बर्फ पाहिला नाही, ती हिमवादळावर चाळीस पानं लिहीत होती. मला वाचून दाखवायची आणि हसत विचारायची, "काय रे, बोरिवलीला चालेल का?"

"झकास," मी म्हणायचो.

झकास नव्हतं. ते तिलाही कळत होतं. म्हणून ती पुन्हा लिहायची.

आज सकाळपासून तिच्यावरच्या पोस्ट बघतोय. "मराठी अद्भुतकथेचा अनोखा आवाज हरपला." नऊ वर्षांपूर्वी परीक्षकांशी नातं शोधणारे तेच हे. त्यांना काय बोलू? त्यांनी निदान स्वतःच्या नावाने लिहिलं होतं.

काल स्मशानातून घरी आल्यावर तिच्या लेकीने, मृण्मयीने, माझ्या हातात फाइल दिली. दुसरी कादंबरी. आठवा खर्डा, अपुरा.

पहिल्या पानावर अर्पणपत्रिका:

'बोरिवलीच्या वाचकास. आता तरी दुसऱ्या जगात पोचलात का?'

"काका, तुम्ही तेव्हा पेपरात होतात ना," मृण्मयी म्हणाली. "त्यांचा पत्ता मिळेल का कुठून? आईला पहिली प्रत त्यांनाच द्यायची होती."

"बघतो," मी म्हणालो.

तिच्या आईचं शव उचलून दोन तास झाले नव्हते, आणि मी म्हणालो, बघतो.

मृण्मयी, ही पोस्ट तुला टॅग केली आहे. पत्ता शोधू नकोस. तो माणूस काल तुझ्याच घरी, तुझ्याच हातचा चहा पिऊन गेला.

फाइलच्या तळाशी पहिला खर्डाही आहे. त्यात डोंगर नाहीत. तीच खाडी, तीच म्हातारी, दोर सोडलेलं तेच घर. ते पुढे कुठे जाऊन लागतं, ते तिने बारा पानं लिहिलं होतं. मग त्यावर काट मारली. फार सुंदर आहे ते. छापायचं असेल तर ते छाप.

प्रमिला, मला खाडीवरच सोडून गेली असतीस तरी चाललं असतं.

जा. सांभाळून जा.

– एक वाचक, मुलुंड