आकारामानं फाडलेलं मत

आमच्या खुटाळवाडीच्या आकारामाला आयुष्यात एकच शब्द बोलता आला नाही. 'न्हाई' हा तो शब्द. बैलजोडी त्याची, पण पेरणीच्या दिवसांत ती सगळ्या गावाच्या रानात फिरायची आणि रानातली ओल उडून वापसा निघून गेल्यावर त्याच्या दारात यायची. त्यानं घेतलेलं नवं धोतर आधी गावातल्या नवरदेवांनी नेसलं, मग त्यानं. लोक त्याला देवमाणूस म्हणायचे. मी त्याच्या शेजारी राहत होतो. मला विचाराल तर तो देवमाणूस नव्हता, भिडस्त होता, आणि भिडस्त माणसाचा मला राग येतो. त्याच्यामुळं शेजाऱ्यालाही चांगलं वागावं लागतं.

सत्तेचाळीस साली इंग्रज निघायच्या गडबडीत आमच्याकडच्या पाच लहानलहान संस्थानिकांनी मिळून एक देश काढला. दुकान काढावं तसा. नाव ठेवलं कृष्णाकाठ संघराज्य. पाच संस्थानांची पाच राज्यं झाली, प्रत्येक राज्याला आपली विधानसभा, आणि सगळ्यांच्या डोक्यावर संघाचं सरकार. आमचं राज्य चिंचणगड. सायकलवर टांग मारून निघालं तर फडक्यातली भाकरी गार व्हायच्या आत माणूस परराज्यात. उंब्रजच्या बाजाराला जायचं तर देशच सोडावा लागायचा. अशा राज्याच्या विधानसभेची निवडणूक लागली आणि आमच्या वाडीच्या एका जागेसाठी दोघं उभे राहिले. एक जहागीरदार लालासाहेब, दुसरा गुळाचा अडत्या नाथाजी, जो पूर्वी पैलवान होता. लालासाहेबांची पेटी तांबडी, नाथाजीची हिरवी. बंद खोलीत जायचं, आपली चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची आणि गप बाहेर यायचं, अशी रीत ठरली.

खोली बंद म्हटल्यावर दोघांचीही झोप उडाली. लोक एकाचं मटण खातील आणि दुसऱ्याची पेटी भरतील, ही भीती. त्यावरचा उपाय मात्र आमच्याकडं पूर्वीपासून आहे. ताटात बेलाचं पान आणि खंडोबाचा भंडारा, म्हणजे देवाची हळद, ठेवायची आणि समोरच्यानं ती उचलून शब्द द्यायचा. तो शब्द मोडला तर देव त्या माणसाचं घर बघून घेतो, ही गोष्ट आमच्याकडं वकिलापासून गुराख्यापर्यंत सगळे मानतात.

लालासाहेब ताट घेऊन आधी आले. आकारामानं हात धुतले, भंडारा उचलला आणि म्हणाला, "माजं मत तुमालाच, सरकार." पुढच्या आठवड्यात नाथाजी आला. त्यानं आकारामाच्या खांद्यावर हात टाकला आणि ताट पुढं केलं. "उचल गड्या. का मन मागं वडतंय?"

"मन कशाला वडंल," आकाराम म्हणाला, आणि उचलला.

नाथाजी गेल्यावर चंद्राबाई, आकारामाची बायको, स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिला सातवा महिना लागला होता. लग्नाला बारा वर्षं झाली होती, नवस ऐकून ऐकून देव थकले होते आणि आता कुठं कूस उजवली होती. ती दाराला धरून उभी राहिली.

"आवं, मत एक आन शब्द दोन. कुठला खोटा पाडनार?"

आपल्या भिडेपायी आपण पोटातलं पोर डावावर लावलंय, हे आकारामाला तेव्हा उमगलं. त्या दिवशी तो माझ्याकडं येऊन बसला. मी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या, त्यानं सगळ्या ऐकून घेतल्या. मग मी म्हणालो, "जा आणि कुणा तरी एकाकडनं शब्द सोडवून घे."

तो लालासाहेबांकडं गेला. "सरकार, मला मोकळा करा."

"म्हणजे नाथाजीला द्यायला मोकळा?" लालासाहेब म्हणाले. त्यांनी त्याला बशीभर चहा पाजला आणि पुन्हा एकदा भंडारा उचलायला लावला. तिथून तो नाथाजीकडं गेला. नाथाजीनं चहाऐवजी ढेपेचा गूळ दिला, बाकी सगळं तेच. दोन शब्द सोडवायला गेलेला हा शहाणा चार शब्द देऊन घरी आला.

मग कुणीतरी त्याला सांगितलं, की तुरुंगातल्या माणसाला मत नसतं. आकारामाला हायसं वाटलं. भर दुपारी तो तात्याबा पाटलाच्या अंगणात गेला, एक कोंबडी धरून काखेत मारली आणि तिथंच उभा राहिला.

"पाटील, मी चोरी केली."

तात्याबानं पान जुळवता जुळवता वर पाहिलं. "पावनं आल्यात व्हय घरी? आरं मग एकीनं काय भागतंय? ती तांबडी बी ने."

"आवं, चोरली म्या."

"तू? चोरनार?" तात्याबा हसून हसून खोकायला लागला आणि त्यानं स्वतः उठून दुसरी कोंबडी धरून दिली. एवढं दिलेलं परत कसं करायचं? न्हाई म्हणता येत नव्हतंच. त्या आठवड्यात आमच्या दोन्ही घरांत कोंबडीचं कालवण झालं. तुरुंगात जायला अब्रू असून चालत नाही, हे तेव्हा कळलं.

मतदानाचा दिवस उजाडला. लालासाहेबांची बैलगाडी आणि नाथाजीची बैलगाडी, दोन्ही आकारामाला न्यायला आल्या. कुणाच्या गाडीत बसायचं? तो चालत निघाला आणि दोन रिकाम्या गाड्या त्याच्या मागून चावडीपर्यंत आल्या. तो चिठ्ठी घेऊन खोलीत गेला तो बाहेर येईचना. माणसं ओरडायला लागली. शेवटी तो घामाघूम होऊन बाहेर आला, पण चेहऱ्यावर आनंद होता. म्हणाला, "फिटलं देवाचं."

संध्याकाळी सांगलीहून आलेल्या निवडणूक साहेबांनी सगळ्यांसमोर पेट्या फोडल्या. मोजणी झाली. दोघांची मतं सारखी भरली. आणि तांबड्या पेटीत निघाला अर्धा कागद, हिरव्या पेटीत त्याचाच दुसरा अर्धा. साहेबांनी दोन्ही तुकडे जुळवून पाहिले. झकास जुळले.

साहेब कायद्याचं पुस्तक चाळत बसले. देशाचा कायदा महिनाभरात उरकलेला, त्यात फाटक्या मताचं कलम होतं. पण फाटलेलं मत दोन्हीकडून हजर झालं तर काय करायचं, ते लिहायला कुणाला सुचलं नव्हतं.

"हे कोणी केलं?" साहेबांनी विचारलं.

"आकारामानं!" लालासाहेब आणि नाथाजी एका दमात ओरडले. त्या दोघांचं त्या निवडणुकीत एवढ्याच बाबतीत एकमत झालं.

आकाराम पुढं आला. "दोगांस्नी शब्द दिला हुता, सायेब. दोगांचा बी ठिवला."

"ठिवला?" नाथाजी उसळला. "मत देतो म्हनालास, आरदं देतो म्हनाला न्हाईस! आरदं देऊन देवाला फशिवतुयास? देव बी तुला आरदंच दील, बघ!"

"बरोबर बोलतोय," लालासाहेब म्हणाले. "शब्द खोटाच पडला. दोन्हीकडून."

सगळ्या चावडीला आकारामाच्या घरचं ठाऊक होतं. अर्धं म्हणजे काय ते कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. आकारामानं खांबाला हात टेकला. मला त्या दोघांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि दिली नाही.

चंद्राबाई बायकांच्या घोळक्यात बसली होती. ती जड अंगानं उठली, शेजारच्या देवळात गेली आणि भंडाऱ्याचं ताट घेऊन आली. ते तिनं त्या दोघांपुढं धरलं.

"उचला," ती म्हणाली. "दोगं बी उचला आन म्हना, भाषनात बोललो त्ये समदं करीन. वढ्यावर पूल बांदीन, साळा काडीन, दवाखाना आनीन. उचला की! गावाला उचलाय लावला, आता तुमी उचला."

लालासाहेबांनी आपल्या हातांकडं पाहिलं आणि हात धुतलेले नाहीत असं म्हणाले. कुणीतरी लगेच तांब्या आणला, तेव्हा त्यांना शास्त्रात संध्याकाळी शपथ चालत नाही हे आठवलं. नाथाजीला सुतक निघालं. कुणाचं म्हणून विचारलं तर चुलत्याच्या सुनेच्या माहेरचं. दोघंही ताटापासून एकेक पाऊल मागं सरत गेले, ते भिंतीला टेकले.

साहेबांना फक्त निकाल हवा होता. ते आकारामाला म्हणाले, "हे बघा, तुमच्यावर सगळं आहे. दोन्ही तुकडे घ्या आणि हव्या त्या पेटीत टाका. म्हणजे आम्ही घरी जायला मोकळे."

"न्हाई," आकाराम म्हणाला.

साहेबांना ऐकू गेलं नसावं. त्यांनी पुन्हा विचारलं.

"न्हाई म्हनलं न्हवं!" आकाराम एवढ्या जोरात ओरडला, की देवळावरचे पारवे उडाले. ओरडून तो स्वतःच घाबरला. चंद्राबाईनं त्याचा हात धरला आणि त्याला घरी नेलं.

साहेबांनी ते तुकडे लाखेनं बंद करून संघाच्या राजधानीला पाठवले. तिथून उत्तर यायच्या आत संघराज्यच मोडलं. आमची जागा कुणाची ते आजवर ठरलेलं नाही.

आकारामाचे पुढचे दोन महिने मात्र फार वाईट गेले. नाथाजीचं ते 'आरदंच दील' त्याच्या मनातून निघेना. तो जेवायला बसायचा आणि अर्धी भाकरी ताटात ठेवून उठायचा, मग अर्धी राहिली म्हणून घाबरून ती परत खायचा. चंद्राबाई त्याला हसायची, आणि तो रानात गेला की माझ्या बायकोजवळ बसून रडायची.

तिचे दिवस भरले, तेव्हा मेहरुनबी सुईण आली. सकाळपासून दुपार झाली. आकाराम दाराशी उभा, मी त्याच्या जवळ. आतून पोराचं रडणं ऐकू आलं, तरी तो हलेना. मेहरुनबीनं दार उघडलं. "पोरगी झाली."

"डोळं?" आकारामानं विचारलं.

"हायत की."

"दोनी?"

मेहरुनबीनं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. मग तिलाही आठवलं असावं, कारण ती पोर घेऊन उंबऱ्यापाशी उजेडात आली आणि दुपटं सोडलं. आकारामानं डावा हात पाहिला, उजवा पाहिला. एक पाऊल पाहिलं, दुसरं पाहिलं. कानामागचे केस बाजूला करून दोन्ही कान पाहिले.

"सबंद हाय रं बाबा," मेहरुनबी म्हणाली. "आक्की हाय."

तो मटकन दारातच खाली बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला.

"आवं, नुसतं रडताय काय," चंद्राबाई आतून म्हणाली, "घ्या की तिला."

त्यानं डोळे पुसले आणि दोन्ही हात पुढं केले.