पिकलेल्या केळ्याचं अत्तर

साठीला टेकल्यावर लोक तीर्थयात्रेला निघतात, मी अत्तरं हुंगायला लागलो. सगळी नोकरी पेपर मिलमध्ये, उकडत्या लगद्याच्या वासात गेली. आता नाकाला काही बरं मिळावं, एवढीच इच्छा होती.

गुलाब, मोगरा, खस आमच्या बुऱ्हाणपुरात कुणीही लावतं. मी मागवायचो परदेशी, करंगळीएवढ्या कुप्यांतली. एकीला विझलेल्या चुलीचा वास, दुसरीला भिजलेल्या शेळीचा. सोबतच्या कागदावर मजकूर: 'एकाकी मेंढपाळाची संध्याकाळ'. बायकोनं माझं मनगट हुंगलं आणि म्हणाली, "अहो, आधी आंघोळ करून या." गाढवाला गुळाची चव काय, असं मी मनातल्या मनात म्हणालो. मोठ्यानं म्हणायची हिंमत अजून झालेली नाही.

मग आली पिकलेल्या केळ्याची कुपी. अगदी साल काळी पडल्यावर येतो तो गोड, जड वास. मी खूश झालो आणि मुलीचं होणारं सासर पाहायला आम्ही तिघं निंबोल्याला निघालो त्या सकाळी मनगटांवर, मानेवर, रुमालावर सढळ हातानं लावली. मुलीनं मुलगा स्वतःच पसंत केला होता. फक्त त्याच्या वडिलांचा होकार बाकी होता, आणि त्यासाठी ती आठवडाभर धड जेवली नव्हती.

त्यांच्या अंगणात केळीची गाडी भरून उभी होती, दिल्लीला जाणारी. माल हिरवागार. एक फणी जरी आत पिकली तरी वाटेत सगळी गाडी पिकते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला कुपी उघडताना तेवढं आठवलं नाही.

मुलाचे वडील नमस्काराला पुढे आले आणि हात जोडलेलेच राहिले.

"माल पिकून राहिला," ते हमालांना म्हणाले. "गाडी खाली करा."

घड उतरू लागले. एकेक फणी उलटीपालटी करून पाहिली, सगळ्या कच्च्या. मी काळजीनं त्यांच्यामागून फिरत होतो, त्यामुळे ते जातील तिथं वास होताच. "अजीब बात हाये," ते म्हणाले, "इथंपण येऊन राहिला." बायको माझ्याकडे बघत होती. खरं बोललो तर असल्या येड्याशी सोयरीक कोण करील? मी खिशातला रुमाल आणखी खोल खुपसला आणि गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याची मला आजही लाज वाटते.

अर्धी गाडी रिकामी झाली तेव्हा मुलगी पुढे झाली.

"काका, गाडी भरा परत. तो वास बाबांच्या अंगाला येतोय. अत्तर लावलंय त्यांनी."

त्यांनी माझं मनगट धरलं, हुंगलं, पुन्हा हुंगलं. हमाल हातातले घड तसेच धरून उभे.

"आम्ही जे उकिरड्यावर फेकतो," ते सावकाश म्हणाले, "ते तुम्ही अंगाला लावता?"

मी मान हलवली. दुसरं काय करणार.

ते मुलीकडे वळले. "स्वतःचं लगीन मोडायची भीती नाही वाटली तुला?"

"वाटली," ती म्हणाली.

त्यांनी घरात हाक मारून पेढे मागवले. पहिला तिच्या हातावर ठेवला. मला देताना मात्र थांबले आणि म्हणाले, "साहेब, आधी हात धुवून या."