तेल्हाऱ्याचं माहेर

बायको वारल्यावर लेकीनं मला डेटिंग ॲपवर चढवलं. अमरावतीच्या रिकाम्या घरात संध्याकाळी बोलायला कोणीतरी हवं होतं, एवढंच. ॲपनं अकोल्याची एक बाई शोधून दिली. तीही एकटीच, जुन्या गाण्यांची वेडी. अकोल्याच्या हॉटेलात भेटलो, चहा सांगितला आणि वऱ्हाडी खोड नडली: मी आधी गाव विचारलं.

"माहेर तेल्हारा," ती म्हणाली.

"तेल्हाऱ्यात कोणाकडचे तुमी?"

दुसऱ्या कपापर्यंत नातं माझ्या आजोळी पोचलं. माझ्याहून वयानं लहान असूनही ती माझ्या आईची चुलत बहीण निघाली.

"म्हंजे मी तुयी मावशी झाली ना रे."

मी निमूट वाकून नमस्कार केला. चहाचे पैसे तिनं भाच्याला देऊ दिले नाहीत.

आता रोज संध्याकाळी तिचा फोन येतो, "जेवला का बापू?"