शिवेवरचा गाडा

अमरावतीहून निघालो तेव्हा माझ्या डोक्यात पातूरची लेणी होती. साता समुद्रांपलीकडे कुठे लढाई जुंपली म्हणून वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आलेला, त्यामुळे माणसाला बसायला गाडी मिळेना. अखेर गणुजी नावाच्या माणसाच्या बंडीत (मालाच्या बैलगाडीत) कापसाच्या बोऱ्यांवर जागा मिळाली. वाटेत त्याने ज्वारीची भाकर आणि ठेचा दिला. ठेच्याने माझ्या पुणेरी जिभेची पार भंबेरी उडवली.

अकोल्याच्या अलीकडे एका गावाच्या तोंडाशी वाटेवर काट्या टाकलेल्या दिसल्या.

"पटकी हाये गावात," गणुजी म्हणाला. "मरीमायचा गाडा काढून राहिले."

मरीमाय म्हणजे पटकीसारख्या रोगाची देवी. तिला लहानशा गाड्यात बसवून शिवेपलीकडे (गावाच्या हद्दीपलीकडे) सोडायचे, म्हणजे रोग पुढच्या गावाचा झाला. ते गाव तिला आणखी पुढे लोटणार. मी पडलो पंतोजी, मला हसूच येणार होते. पण घराघरांतून रडणे ऐकू येत होते.

गाडा ओढण्याचा पहिला मान पाटलांचा. उंच, वाळका, साठीचा माणूस. त्यांनी गाडा शिवेपर्यंत आणला आणि अलीकडेच, स्वतःच्या वावरात (शेतात) नेऊन जू खाली ठेवले.

लोक खवळले. एक म्हातारा पुढे आला. "पाटील, लेक तिकडच्या गावात देल्ली म्हनून आमाले मारता का?"

"गावात नाई ठेवत. माह्या वावरात ठेवतो," पाटील म्हणाले. "मीबी इथंच राहीन, गावात पाय टाकनार नाई. मायले जे घ्याचं ते माह्यापासून घेईल."

वावरात बोंडे फुटली होती, आणि आता तिथे एकही मजूर पाऊल टाकणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होते. लोक मागे फिरले. आम्हीही गावाला वळसा घालून निघालो.

अकोल्याहून पुढे पातूरला गेलो. लेणी पाहून मन भरून आले. पण ज्यांनी एवढा डोंगर कोरवला ते गेले कुठे? वाट दाखवायला गावातून सोबत आलेल्या म्हाताऱ्या विणकर मियांना मी विचारले.

"बिमारी आली असंल, पंतोजी," ते म्हणाले. "बुजुर्ग सांगत, अशा वक्ताले राजे पयले निंघत. घोडे त्याह्यच्यापाशीच होते ना."

मी थंड खांबाला टेकलो. वावरात एकटा बसलेला तो पाटील डोळ्यांपुढून हलेना. त्याच्याकडेही घोडी असेलच.

परतताना पुन्हा गणुजीचीच बंडी मिळाली. त्या गावाच्या वाटेवरच्या काट्या काढलेल्या होत्या. गावात जाते फिरत होते. शिवेवरचे वावर मात्र पांढरेशुभ्र उभे, आणि त्यात एकच बाई कापूस वेचत होती. ती पाटलांची लेक, गणुजीने सांगितले. गाडा सोडला त्याच आठवड्यात पाटील तिथल्या खोपटात पटकीने वारले होते. गावातले कुणी जवळ आले नाही. अग्नी तिनेच दिला.

"हा कापूस कोन घेईल, बाई?" गणुजीने बांधावरूनच विचारले.

"कोनी नाई घेत. पन बापाचं पीक उभं कसं सोडू?"

गणुजीने गेल्या खेपेला या बांधाकडे पाहायचेही टाळले होते. आता तो वहाणा काढून आत उतरला. मीही उतरलो. मला कापूस वेचता येत नव्हता. वाळल्या बोंडांनी बोटे रक्ताळली. मला तिची फार कीव आली, म्हणून म्हणालो, "लेकीसाठी बापाने जीव दिला."

तिचे हात थांबले. "सारे असंच म्हन्तात, पंतोजी. पन त्या गावात मी एकलीच नांदते का?"

मी मान खाली घालून पुढचे बोंड वेचले. घरी पोचल्यावर जो तो लेण्यांचे विचारायला आला. मी आधी त्या पाटलांचे सांगितले.