कोंडवाड्यातला फुटबॉल

बसा, चहाला उकळी यायला अजून वेळ आहे. तोवर माझी एक फजिती ऐकून घ्या. तशा फजित्या माझ्या पुष्कळ झाल्या, पण अख्ख्या गावाला पोट धरून खाली बसवणारी ही एकच. आणि गंमत अशी, की त्या दिवशी सकाळपर्यंत मी स्वतःला मास्तर समजत होतो. मी! ज्याची शाळा दुसरीच्या पुस्तकातच आटोपली, तो!

गोऱ्यांचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. आपला गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात. माझं गाव तिरोड्याकडचं. चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, मधे गाव, गावात एक शाळा आणि शाळेत एक गुरुजी. मी तेव्हा जवान होतो. एक हिवाळाभर मी गोंदियाला रेल्वेच्या साहेब लोकांच्या मैदानावर पाणी पाजायचं काम केलं होतं. ते लोक संध्याकाळी फुटबॉल खेळायचे आणि मी घागर घेऊन गोलाच्या मागे उभा असायचो. पास, किक, थ्रो, गोलकीपर, सगळे शब्द कानात बसले. गावात परतलो, तेव्हा फुटबॉल डोळ्यांनी पाहिलेला मी एकटाच माणूस. अशा माणसाला गाव काय समजतं, ते सांगायला हवं का? पंडित!

एक दिवस गुरुजी माझ्या घरी आले. गुरुजी वर्ध्याकडचे. फार सज्जन माणूस, पण खेळ म्हटला की लगोरीच्या पुढे त्यांची गाडी जात नसे.

"लखूभाऊ, डिप्टीसाहेब येऊन राहिले शाळा तपासायला. त्यांना फुटबॉलचं भारी वेड. चामड्याचा बॉल सोबतच आणतात म्हणे. ज्या शाळेच्या पोरांना खेळातले शब्द येतील आणि खेळूनही दाखवता येईल, त्या शाळेला बॉल ठेवून जातात. नाही आलं, तर बॉल छकड्यात आणि छकडा पुढच्या गावाला!"

गुरुजींच्या मागे दारात पोरं जमलीच होती. त्यातला सुक्या पुढे आला. सुक्याचा बाप गावच्या कोंडवाड्यावर होता. कोणाची गाय मोकाट सुटून दुसऱ्याच्या धानात शिरली, की लोक तिला हाकलत कोंडवाड्यात आणत आणि सुक्याचा बाप तिला आत घालून दार लावून घेई.

"लखूभाऊ, खराखुरा चामड्याचा?" सुक्यानं विचारलं.

"खराखुरा."

"हवा भरलेला?"

"हवा भरलेला."

"बाप्पा!" म्हणून सुक्या खालीच बसला.

त्याचं काय चुकलं हो? त्या पोरांजवळ होता तो तणसाचा चेंडू. धानाचं तणस चिंध्यांत कोंबलेलं. दोन लाथा बसल्या, की चिंध्या एकीकडे, तणस दुसरीकडे, आणि तणस खायला शेळी हजर! पोरांचा निम्मा खेळ शेळीच्या पोटात जायचा.

मी म्हटलं, "गुरुजी, तुम्ही बिनघोर राहा. शब्द मी शिकवतो. असे शिकवतो, की ही पोरं म्हातारी झाली तरी विसरणार नाहीत."

हे मात्र अक्षरशः खरं ठरलं, बरं का!

आता शिकवायचं कसं? पाठांतरानं मला लहानपणी फार छळलं होतं. पोरांना तो जाच नको, असं मनात आलं. म्हटलं, खेळता खेळता शिकवू, आणि त्यांच्या ओळखीचं धरून शिकवू. मैदान नव्हतंच. गावची गुरं जमतात ती आखराची मोकळी जागा होती, पण तिथं शेणाचा सडा. मग शाळेच्या पडवीतच आमचे वर्ग सुरू झाले.

पहिला शब्द, पास.

"रोवणीच्या वेळी बांधीत काय होते रे?" मी विचारलं.

"बाया धान रोवतात," पोरं म्हणाली.

"हातातले पऱ्हे संपले तर?" पऱ्हे म्हणजे धानाची कोवळी रोपं.

"तर ते बाई हाक मारते, आन आमी पऱ्ह्याची पेंडी फेकतो."

"बस्स! तोच पास!"

मग काय विचारता! निम्मी पोरं बाया झाली, कमरेत वाकली. कोणी हाक मारायचं आणि दुसऱ्यानं पायानं चेंडू त्याच्याकडे ढकलायचा. हसून हसून लोळली पोरं. पडवीसमोरून जाणाऱ्या म्हाताऱ्याही थांबून पास मागायला लागल्या.

दुसरा शब्द, थ्रो. बॉल रेघेबाहेर गेला, की दोन्ही हातांनी डोक्यावरून आत फेकायचा. मी म्हटलं, "डोक्यावरचा धानाचा भारा खळ्यात कसा टाकता? तसा!" डोमा नावाचं एक शांत पोरगं होतं, त्यानं लगेच भारा टाकून दाखवला. शाबास!

आणि मग आला गोल. इथं, पाहा, माझ्या अकलेला शिंगं फुटली.

"बॉल म्हणजे मोकाट गाय," मी म्हटलं. "तिला लाथा मारत मारत हाकलायचं..."

डोमा म्हणाला, "गाईले लात मारू नये, लखूभाऊ. पाप लागते."

"अरे बाबा, ही हवेची गाय आहे. हिला चालते. तर हाकलत हाकलत तिला न्यायचं कुठं?"

"कोंडवाड्यात!" सगळी पडवी ओरडली.

"तोच गोल! आणि कोंडवाड्याच्या दारात जो उभा असतो, तो गोलकीपर!"

सुक्यानं उडीच मारली. "मी होतो गोलकीपर! मले सगळं येते!" दुसऱ्या बाजूच्या गोलात आम्ही फागू नावाच्या पोराला उभं करायचं ठरवलं. सुक्यानं आपणहून त्याला चार गोष्टी समजावल्या. काय समजावल्या, ते मी ऐकलं नाही. कायले ऐकू? गुरुजी दारात उभे राहून म्हणत होते, "लखूभाऊ, तुम्ही तर शिक्षकच व्हायला हवं होतं!" एवढं कानावर पडल्यावर माणसाला दुसरं काही ऐकू येतं का, तुम्हीच सांगा.

तर असा तो दिवस उजाडला. आखर झाडून काढला. दोन्ही टोकांना बांबू रोवले. डिप्टीसाहेब छकड्यातून उतरले. जाडजूड माणूस, टोपी, गळ्यात शिट्टी. त्यांनी थैलीतून बॉल काढला. तांबूस, तुकतुकीत, गोल गरगरीत! एका लहानग्यानं हळूच पुढं होऊन त्याचा वास घेतला. दुसऱ्यानं वासराच्या पाठीवरून फिरवावा तसा त्याच्यावरून हात फिरवला. देवा, हा बॉल छकड्यात परत चढू देऊ नको!

साहेबांनी आधी शब्द विचारले.

"पास म्हणजे?"

"मागेल त्याले देणे, साहेब!"

"थ्रो?"

"दोनी हातांनं डोक्यावरून टाकणे!"

"गोलकीपर?"

"गोलाच्या दारात ऱ्हातो थो!"

"वा, गुरुजी, वा! असं कुठंच पाहिलं नाही," साहेब म्हणाले. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मिशीवर हात फिरवला. बॉल आलाच म्हणायचा घरात!

पोरांच्या दोन टोळ्या झाल्या आणि साहेबांनी शिट्टी फुंकली.

सुरुवात तर झकास झाली. एकानं बॉल ढकलला. समोरच्या टोळीतलं पोरगं ओरडलं, "पास!" आणि ह्या पोरानं देऊन टाकला! त्याच्याकडून ह्या टोळीनं मागितला, त्यानंही दिला. बॉल इकडून तिकडे, तिकडून इकडे. कोणी हिसकावत नाही, कोणी आडवं येत नाही.

साहेबांनी खेळ थांबवला. "अरे, तो समोरचा गडी आहे! त्याला काऊन दिला?"

पोरगं म्हणालं, "त्याचे पऱ्हे संपले होते, साहेब."

साहेबांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी आभाळाकडे पाहिलं. खरंच हो, रोवणीत हाक मारणारीला, तू कोणाच्या बांधीतली, असं कोण विचारतं? आमच्या गावात तरी कोणी विचारत नसे!

तेवढ्यात बॉल रेघेबाहेर गेला. थ्रो डोमाचा. डोमानं बॉल उचलला, डोक्यावर ठेवला आणि उभाच राहिला.

"टाक ना!" साहेब ओरडले.

"चुंबळ आनू द्या, साहेब. सरकून ऱ्हायला."

त्यानं आपला गमचा वळून चुंबळ केली, डोक्यावर ठेवली, तिच्यावर बॉल ठेवला आणि दोन पोरांना बोलावून, "धरा गा जरा, उतरवा," असा भारा उतरवला. साहेबांची शिट्टी तोंडातून गळून पोटावर लोंबत राहिली.

मी हळूहळू मागे सरकायला लागलो. पण खरा खेळ पुढेच होता!

बॉल लोळत लोळत सुक्याच्या गोलाकडे निघाला. अगदी संथ. एखाद्या म्हातारीनंही काठीनं अडवला असता. सुक्यानं काय करावं? तो बाजूला झाला, कमरेत वाकला आणि दोन्ही हातांनी वाट दाखवत म्हणाला, "ये बाई, ये! हुर्र! चल आत!"

बॉल आत. सुक्यानं लगेच एक बांबू आडवा टाकून दार लावलं.

पलीकडच्या टोकाहून फागू बोंबलला, "लखूभाऊ, हे बरं नाई! त्याच्या कोंडवाड्यात गाय गेली, माझा रिकामाच!" आणि फागूच्या टोळीतली पोरं आता बॉल आपल्याच गोलाकडे न्यायला धावली.

"जिंकलं कोण?" साहेबांनी हताश होऊन विचारलं.

"मी!" सुक्या म्हणाला.

साहेब घाम पुसत त्याच्याजवळ गेले. "ठीक आहे. बॉल दे इकडे."

"नाई देत."

"काय?"

"कोंडवाड्यातली गाय मालक आल्याबिगर सुटत नाई, साहेब. माझा बाप पाटलालेही सोडत नाई."

"अरे, मीच मालक आहे!"

"सगळे असंच म्हनतात. खूण सांगा."

"कसली खूण?"

"कपाळावर चांद, शेपटीले गोंडा, काईतरी असंल ना!"

गुरुजींनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता छकडा जुंपला! पण साहेब बिचारे खरंच आठवायला लागले.

"शिवणीजवळ... शाईचा एक डाग आहे."

सुक्यानं बॉल उलटासुलटा करून पाहिला. "हाये," तो म्हणाला. मग आडवा बांबू काढला, बॉल साहेबांच्या हातात दिला आणि बापाच्या आवाजात दटावलं, "आता न्या. पन पुन्हा मोकाट सोडू नका!"

साहेब तिथंच मातीत बसले. आधी मला वाटलं घेरी आली. मग पाहतो तर माणूस हसत होता. टोपी एकीकडे, शिट्टी एकीकडे, डोळ्यांतून पाणी. मग गाव हसलं. गुरुजी गोलाच्या बांबूला धरून हसले. हसलो नाही तो मी एकटा.

"हे शिकवलं कोणी?" साहेबांनी विचारलं.

गावातली सगळी बोटं माझ्याकडे. गुरुजींचं बोट सर्वांत आधी!

"काय हो, गोलकीपरनं बॉल अडवायचा असतो, हे ठाऊक होतं का तुम्हाला?"

"होतं, साहेब."

"मग पोरांना काऊन नाही सांगितलं?"

"कोंडवाडा इतका छान जमला होता, साहेब, की ते सांगायचंच राहून गेलं."

साहेब उठले. कपडे झटकले. बॉल बगलेत मारून पोरांसमोर उभे राहिले.

"पोरांनो, शिकवलं तसं तुम्ही चोख खेळलात. तुमची काही चूक नाही. बॉल इथंच ठेवतो. पण एका अटीवर. हे गृहस्थ पुन्हा तुम्हाला फुटबॉल शिकवणार नाहीत. नीट विचार करा. बॉल पाहिजे की लखूभाऊ?"

एवढी जीव लावलेली पोरं! आता ती कावरीबावरी होतील, डोमा तर नक्की रडेल. मी मनाशी वाक्यही जुळवलं. म्हणायचं, बाळांनो, माझी काळजी करू नका, तुम्ही बॉल घ्या. आणि जरा खाकरलो.

तोंड उघडायला सवड मिळेल तर ना!

"बॉल!"

अख्खी शाळा एका दमात ओरडली. झाडावरचे बगळे उडाले. त्या ओरडण्यात गुरुजीही होते.

आणि खरं सांगू? सगळ्यांत मोठा आवाज माझाच होता.